येळवसीची घागर

गिरणीत बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, हे वीरेशला कुणी सांगितलं नव्हतं. तो दारात उभा राहून विद्यापीठात शोभेल अशा मऊ आवाजात काहीतरी म्हणाला आणि पट्ट्याच्या खडखडाटात ते सगळं पिठाबरोबर उडून गेलं. मंजुश्रीनं मान वर केली. उंच, सावळा मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब, आणि चेहरा वर्गात उशिरा पोचलेल्या पोरासारखा. तिनं कानाला हात लावून खूण केली… मोठ्यानं बोला.

“अक्का, मला इथल्या बायकांचं मत—” तो जीव खाऊन ओरडायला आणि वीज जायला एकच गाठ पडली. गिरणी गप्प झाली. “—पायजे,” एवढं मात्र अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

डबे घेऊन बसलेल्या बायकांनी पदर तोंडाला लावले. बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि का कोण जाणे, त्या लाल पाळ्या मंजुश्रीला फार आवडल्या.

“मत किलोवर देत न्हाई आमी,” ती म्हणाली. “आन अक्का म्हणू नगा. तुमच्यापेक्षा लहानच असंन मी.”

“मग काय म्हणू?”

“गिरणीवाली म्हणा की. सगळं गाव म्हणतंय.”

खरं तर गाव तिला ‘अध्यक्षांची मंजी’ म्हणायचं. सीमेवरच्या कोहिनूर गावापासून थोडं आत असलेल्या जांभळगा गावच्या पंचायतीचे अध्यक्ष हणमंतराव हे तिचे वडील. गिरणीही त्यांचीच, पण राजकारणात पडल्यापासून त्यांना दळणाला वेळ नव्हता, आणि बी.ए. होऊन घरी बसलेल्या मुलीला दुसरं काम नव्हतं. लग्न ठरेपर्यंत सांभाळ म्हणून त्यांनी किल्ली दिली, ती तिनं परत केलीच नाही.

वीरेश आळंदचा. बसवण्णांना मानणारं व्यापारी घर; घरात कन्नड, दुकानात मराठी, त्यामुळे दोन्ही भाषा तोंडात सारख्याच बसलेल्या. कडगंचीच्या विद्यापीठात तो संशोधन करत होता आणि सीमेवरच्या गावागावांतून एकच प्रश्न विचारत फिरत होता. गावाच्या मोठ्या गोष्टी निवडून दिलेल्यांनी ठरवाव्यात, की लोकांनी स्वतः मत टाकून? सकाळपासून त्याचा पार बोऱ्या वाजला होता. बाईला विचारलं की ती म्हणायची, आमच्या ह्येंला इचारा. आणि ‘ह्ये’ आले की स्वतःचं मत सांगून वर बायकोचंही सांगून टाकायचे.

“उंबऱ्यावर इचारलं की बाई घराचं मत सांगती,” मंजुश्री म्हणाली. “हितं बसा. दळण होईपर्यंत ती स्वतःचं सांगती.”

तो बसला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात यायचं खरं तर काही कारण नव्हतं, तरी आला.

गिरणीत बायका बोलल्या, आणि काय काय बोलल्या! एकीचं म्हणणं, एकदा मत दिलं की पाच वर्षं तेच बोलतेत, आमी नुसतं ऐकायचं, त्यापरीस दर बारीला आमालाच इचारा. दुसरी म्हणाली, नको बाई, आपणच ठरवायचं आणि चुकलं तर शिव्या कुणाला द्यायच्या? यावर बराच वाद रंगला. मंजुश्रीची आई, सोजराबाई, पोराला चहा द्यायला आली होती. तिलाही त्यानं तेच विचारलं, तर तिनं आधी कपबशी त्याच्या हातात दिली. मग म्हणाली, “आज भाजी कसली करू म्हणून मीच सगळ्यांला इचारते बाबा. मला कुणी काय इचारलंय आजवर?”

गिरणी चालू असली की प्रश्न कानाशी तोंड नेऊनच विचारावा लागे. तो वाके, ती मान तिरपी करी. पिठाचा पांढरा भुरका त्याच्या केसांवर बसे आणि ती, हसू आवरत, सांगायची नाही. एकदा असंच सगळ्या बायका गेल्यावर त्यानं टॅब बाजूला ठेवला.

“सगळ्यांचं घेतलो. तुमचं राहिलं.”

“माझं?”

“हितं दुसरं कोण हाय?”

मंजुश्री एरवी कुणाचं ऐकून घेणारी नव्हती, पण आज ती उगाच रिकामा डबा झाडत राहिली. तिला कधी कुणी विचारलंच नव्हतं… आणि विचारून वर असं उत्तराची वाट बघत थांबलेलं तर मुळीच कुणी नव्हतं. उद्या सांगते, म्हणाली. त्या रात्री तिच्या लक्षात आलं की आपण उत्तराचा विचार करायला बसलो आणि विचार भलत्याचाच करतो आहोत.

आता भलत्याचा विचार करायची तिला सोय नव्हती. हणमंतरावांच्या मनात दोन गोष्टी पक्क्या होत्या. एक म्हणजे कोंडवाड्याच्या मोकळ्या जागेवर गावाचा कल्याण मंडप उभा करायचा. आणि दुसरी, त्या मंडपात पहिलं लग्न मंजीचं लावायचं. भालकीचं स्थळ आलं होतं, मुलगा चांगला होता, येळवस, म्हणजे वेळा अमावास्येचा सण, झाली की पाहुणे बोलणी करायला येणार होते. मंजीला विचारायचं राहिलंच होतं. ते राहिलंय, हेही कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

त्यातच गावाला हायस्कूल मंजूर झालं. जागा मात्र पंचायतीनं द्यायची, नाहीतर शाळा शेजारच्या गावाला जाणार. आणि जागा होती एकच, कोंडवाड्याची. मंजुश्री शिकली ती अध्यक्षांच्या मोटारसायकलवर मागं बसून रोज शाळेला जाता आलं म्हणून. तिच्याबरोबरच्या मुली आठवीनंतर घरी बसल्या, कारण तेवढ्या लांब एकट्या पोरीला पाठवणार कोण? तिनं घरी विषय काढला. हणमंतराव म्हणाले, गावाला मंडपच पाहिजे.

“गावाला इचारलाव?”

“गावानं मला निवडून दिलंय की.”

ग्रामसभेत त्यांनी विचारूनही दाखवलं. मंडपाच्या बाजूनं हात वर करा म्हटल्यावर पुरुषांचे हात वर गेले, आणि त्यांच्याकडे बघून बायकांचेही. मागं उभ्या असलेल्या वीरेशला राहवलं नाही. हात वर करायला लावलं की ती हजेरी होते, मत होत नाही, असं तो बोलून गेला आणि मग सगळी सभा वळून बघायला लागली तशी त्याच्या कानाच्या पाळ्या पुन्हा लाल झाल्या. मंजुश्री मात्र उठून उभी राहिली. गुपचूप मत घ्या, म्हणाली. ज्यानं त्यानं दोन दाणे घ्यायचे, तुरीचा आणि ज्वारीचा. तूर म्हणजे शाळा, ज्वारी म्हणजे मंडप. हवा तो दाणा मूठ झाकून घागरीत टाकायचा, उरलेला पिठाच्या डब्यात खुपसायचा. कुणी काय टाकलं, कुणाला कळणार नाही.

सभेत हशा पिकला. हणमंतराव चारचौघांत मागं हटणारे नव्हते. “बरं. गाव म्हणलं शाळा, तर मंडपाचं नाव काढणार न्हाई मी. तारीख तूच दे.”

“येळवसीला,” ती पटकन म्हणाली. “पुण्याचे, हैदराबादचे, सगळे घरी येतेत.”

सगळ्या सभेनं माना डोलावल्या. आणि इथं अख्खं गाव चुकलं. येळवस म्हटलं की या मुलखात प्रत्येकाच्या मनात एवढंच येतं की सगळी माणसं घरी येणार. ती येतात कशाला, याचा विचार कुणी करतच नाही.

मार्गशीर्षातल्या त्या अमावास्येला सकाळी मंजुश्री देवळाच्या पारावर घागर आणि पिठाचा डबा मांडून बसली. समोरून बैलगाड्या, ट्रॅक्टर, डोक्यावर बुट्ट्या घेतलेल्या बायका, नवी कापडं घातलेली पोरं… सगळी वरात गावाबाहेर चालली होती. शेतात कडब्याची खोप बांधलेली, तिच्यात पूजेला दगडांचे पांडव मांडलेले, मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, खीर सगळं जेवण तिकडंच. बघता बघता घरोघर कुलपं लागली. शेवटी हणमंतरावांचा ट्रॅक्टर पारापाशी थांबला.

“येळवसीला गावात कुत्रं तरी ऱ्हातंय का, मंजे?” ते खो खो हसले. हसण्यात लेकीची माया होती, तरी शब्द शब्दच होता. “दिवस मावळला की घागर बंद. चल, जेवायला ये.”

ट्रॅक्टर गेला. मंजुश्रीच्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या कुणाला नाही, स्वतःला शिव्या देत होती ती. जन्मभर येळवसीला शेतात जेवलेली पोर, आणि ही साधी गोष्ट सुचू नये?

वीरेश मोटारसायकल टेकवून लांब उभा होता. त्याला आज फक्त बघायचं होतं. मध्ये पडायचं नाही, असा त्याच्या अभ्यासाचा नियमच होता.

“तुमच्या शेतात न्हाई गेलाव आज?” तिनं डोळे पुसत विचारलं.

“अव्वा रुसलीय. येळवसीला पोरगं घरी न्हाई म्हणून.”

“मग जा की. हितं काय बघायलाव? कुलपं?”

गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यानं खिशात घातलं. “ही घागर मी उचलली की तुमचं गाव माझ्या अभ्यासातनं गेलं. वर्षभराचं काम हाय.” मग त्यानं घागर उचलली. “गेलं तर गेलं. लोक शेतात हाईत, तर मतबी शेतातच असणार की. बसा मागं.”

मोटारसायकल निघाली. पुढं टाकीवर पिठाचा डबा, मागं मंजुश्री, आणि दोघांच्या मध्ये घागर. लोकलाजेला याहून चांगली जागा सापडली नसती. दोन्ही बाजूंना शेंगांनी लवलेल्या तुरी, हिरवीगार ज्वारी, कोवळं ऊन आणि बोचरा वारा. खड्डा आला की ती घागर एका हातानं धरायची, आणि दुसरा हात… दुसऱ्या हाताला धरायला त्याच्या खांद्याशिवाय काही नव्हतं.

“मंजुश्री,” त्यानं मान थोडी वळवली. “मला एक इचारायचं हाय.”

“इचारा की.”

“आत्ता न्हाई… पुढं खड्डा हाय.”

खड्डा गेला. तो पुन्हा घसा खाकरतोय तोवर बांधावरून बंडेप्पांची हाक आली. येळवसीला शेतात आलेलं माणूस न जेवता जाऊ द्यायचं नाही, हा इथला कायदा. आधी जेवा, मग घागर. बंडेप्पा मंडपाचे कट्टर पुरस्कर्ते, त्यांनी दोघांना पोट फुटेपर्यंत वाढलं, आंबिलीचे पेले रिचवायला लावले आणि वर बजावलं, “मी ज्वारीच टाकणार बघ, पोरी.”

“टाका, अण्णा. पण मूठ झाका.”

तिथून पुढचं शेत, तिथंही उंडे. त्याच्या पुढं खीर. चौथ्या खोपीशी वीरेश पट्टा सैल करत म्हणाला की लोकशाही पचायला एवढी जड असेल असं पुस्तकात कुठं लिहिलेलं नाही. ती हसता हसता बांधावरच बसली.

आणि मग तिच्या ध्यानात आलं. आंबील पिऊन पुरुषमंडळी खोपीच्या सावलीला आडवी झाली होती. काही तर घोरत होती. बायका आपापल्या घोळक्यात, तुरीच्या आडोशाला मोकळ्या बसलेल्या. तिथं घागर नेली की प्रत्येक बाई पदराखाली मूठ धरून क्षणभर थांबायची, नवऱ्याकडे बघायची सवय म्हणून मान वळवायची… नवरा झोपलेला. मग स्वतःशीच हसून दाणा टाकायची. गावात, पारावर, चारचौघांसमोर हे कधी घडलं नसतं. मंजुश्रीला वाटलं, देवानंच आपल्याकडून ही चूक करून घेतली.

शेवटी स्वतःच्या शेतावर. हणमंतराव जागे होते, खोपीला टेकून टक लावून बघत होते. त्यांनी आपला दाणा ऐटीत टाकला. सोजराबाईनं हात पुसले आणि दोन्ही दाणे मुठीत घेऊन ती घागरीपाशी उभी राहिली. बराच वेळ. मंजुश्रीनं नियमाप्रमाणे तोंड फिरवलं.

वाटेत वीरेशनं आणखी एकदा सुरुवात केली. “ते मघाशी… इचारायचं होतं ते…”

“दिवस बुडायलाय, लवकर हाणा गाडी,” ती म्हणाली. भालकीचे पाहुणे आता दोन दिवसांवर आलेत, हे तिला त्या मावळत्या उजेडात एकदम आठवलं होतं.

गाव परतलं तसं पार भरला. कल्लप्पा गुरुजींनी घागर चादरीवर उपडी केली. तुरीचा ढीग मोठा दिसत होता. हणमंतराव म्हणाले, तुरीचा दाणा मुळात जाड असतो, ढीग बघून फसू नका, मोजा. गुरुजींनी मोजले. पुन्हा मोजले. तूर ज्वारीच्या दुपटीला जाऊन वर उरली.

हणमंतराव दाण्यांकडे बघत राहिले. मग बायकोकडे वळले. “तू कंचा टाकलीस?”

“ते कामून सांगू?” सोजराबाई म्हणाली.

आयुष्यात पहिल्यांदा तिनं नवऱ्याला असं उत्तर दिलं, तेही पारावर, आणि आधी बायका हसल्या, मग सगळं गाव, आणि शेवटी हणमंतरावसुद्धा. त्यांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. दिलेल्या शब्दाला जागायचं, एवढं राजकारण त्यांना चांगलं येत होतं. “गाव म्हणतंय शाळा,” ते म्हणाले. “मग शाळा.”

हलगी वाजली. आठवीत घरी बसलेल्या, आता कडेवर लेकरू असलेल्या मंजुश्रीच्या मैत्रिणी पारावर चढून नाचल्या, आणि आजवर सभेत मान वर न करणाऱ्या बायकांनी टाळ्या पिटल्या. मंजुश्रीला रडावं की हसावं कळेना, तिनं दोन्ही केलं.

“आता भालकीच्या पाहुण्यांला काय सांगू, मंजे?” हणमंतराव थकल्यासारखे म्हणाले. “तुझंच लगीन पयलं लावणार होतो त्या मंडपात.”

हलगी थांबली होती. मंजुश्रीनं आईकडे बघितलं, मग वडिलांकडे.

“अप्पा, गावाला इचारलाव. मला कवा इचारणार?”

आपण विचारलं नाही, हे हणमंतरावांना त्या घटकेपर्यंत खरोखरच ठाऊक नव्हतं, आणि ते त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. ते पारावर बसले. “चुकलं माझं. इचारतो आता. बोल.”

“भालकी न्हाई. मला वीरेश पायजे.”

पारावर गलका झाला. ते लिंगायत, आपण मराठे, असं कुणीतरी म्हणालं. मागून एकानं सुचवलंही, टाका की ह्याच्यावर पण दाणे.

“न्हाई,” मंजुश्री म्हणाली, आणि तिचा आवाज गिरणीवरसुद्धा ऐकू गेला असता. “शाळा गावाची हाय, गावानं ठरवली. ह्याला गावाचं मत लागत न्हाई. ह्याला दोनच मतं लागतेत.”

“एक आलं,” कल्लप्पा गुरुजी शांतपणे म्हणाले.

हणमंतरावांनी भुवई वर केली. “आन त्याचं? त्याला इचारलीस का?”

मंजुश्रीनं जीभ चावली. अख्ख्या गावाला विचारत फिरली होती ती, शिवारभर, खोपीखोपीतून… आणि ज्याच्या मागं बसून फिरली, त्याला विचारायचं राहूनच गेलं होतं. तिनं हळूच वळून बघितलं. रिकामी घागर छातीशी धरून वीरेश उभा होता.

“मी सकाळपासनं तेच इचारायलोय,” तो सगळ्यांना सांगावं तसं म्हणाला. “ह्या काय इचारू देईनात. कवा खड्डा, कवा आंबील…” हशा झाला. मग त्यानं घागर खाली ठेवली आणि फक्त तिच्याकडे बघितलं. “माझं मत व्हय हाय, मंजुश्री. गिरणीत वीज गेली तवापासनं व्हय.”

“उद्या आळंदला जावं लागंल,” हणमंतराव पुटपुटले. “त्यांच्या अव्वाचंबी काय म्हणणं असंल.” त्यांनी पुन्हा एकदा पोराकडे बघितलं, नखशिखांत. मग सोजराबाईकडे बघितलं. ती त्यांच्या डोळ्याला डोळा लावून उभी होती आणि नजर खाली घेण्याचं नाव घेत नव्हती.

मंजुश्रीनं सगळ्या गावासमोर वीरेशचा हात धरला.

अध्यक्ष उठले. घसा साफ केला. आणि ग्रामसभेत ठराव पास झाल्यावर काढायचे, त्याच खणखणीत आवाजात म्हणाले, “इरोधात कुणी न्हाई.”